नऊ गोष्टी बंद केल्या, दहावी यादीतच नव्हती: कोरड्या आणि नाजूक स्किनचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी एका स्किन क्लिनिकमध्ये काम करते, डॉक्टर नाहीये. डॉक्टर मॅडम तपासतात, औषध लिहून देतात आणि मग पेशंट माझ्या टेबलाशी येतो. काय कसं लावायचं, किती लावायचं, आंघोळ कशी करायची, कशाला अजिबात हात लावायचा नाही हे नीट समजावून सांगायचं आणि मधल्या काळात फोनवर विचारपूस करायची, हे माझं काम. हे प्रकरण मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण यात एक चूक माझी आहे, आणि ती औषधातली नाही, प्रश्न विचारण्यातली आहे. जिची ही गोष्ट तिला विचारूनच लिहितेय, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात. मीनल म्हणू.

मीनल ३४ वर्षांची, दिवसाचे आठ-नऊ तास एसीत बसून काम, घरी दोन वर्षांचं बाळ. स्किन लहानपणापासून कोरडीच. नडग्यांवर माशाच्या खवल्यांसारखी बारीक नक्षी, लहान असताना कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत खाजरे चट्टे यायचे ते मोठेपणी गेले, वडिलांना दमा. मॅडमनी चेहरा बघायच्या आधी तिचे तळहात बघितले, मला आधी कळलंच नाही का ते. तळहातावर रेषांचं जाळं होतं, नेहमीपेक्षा जास्त आणि खोल. असे तळहात, नडग्यांवर खवले आणि लहानपणी एक्झिमा (म्हणजे ते खाजरे चट्टे) हे सगळं एकत्र दिसलं की फिलॅग्रिन नावाचं प्रोटीन जन्मापासूनच कमी असण्याची शक्यता असते, त्याच्या जीनमधल्या बिघाडाचा कोरड्या स्किनशी आणि एक्झिमाशी असलेला संबंध २००६ मध्ये सापडला. हे प्रोटीन तुटून स्किनमध्ये पाणी धरून ठेवणारे घटक तयार होतात, प्रोटीनच कमी असेल तर ते घटकही कमी आणि पाणी टिकत नाही. म्हणजे हिची स्किन कोरडी "झाली" नव्हती, मुळातच तशी होती. हे सांगणं गरजेचं होतं कारण पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "ताई, माझी स्किन एकदाची नॉर्मल करून द्या."

अडचण काय होती

आली तेव्हा दोन्ही गाल लाल आणि चकचकीत, पण ती चकाकी तेलाची नव्हती, पातळ ताणलेल्या पापुद्र्याची असते ना तशी. हनुवटीवर आणि नाकाच्या बाजूंना कोंडा सुटलेला. हसली की गाल ओढले जायचे. वरच्या पापण्या किंचित लालसर, कोपऱ्यात बारीक सुरकुत्या पडलेल्या. आणि तिची मुख्य तक्रार म्हणजे साधं पाणी मारलं तरी चरचरतं.

पाणी चरचरतं हे ऐकलं की मी लिहायचं थांबवून पेशंटकडे बघते. स्किनचा सगळ्यात वरचा थर कागदापेक्षाही पातळ असतो, बहुतेक ठिकाणी १५ ते २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मेलेल्या पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि मध्ये सिमेंटसारखी स्निग्ध द्रव्यं, त्यातली जवळपास निम्मी सिरॅमाइड्स, बाकी कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड्स. हे सिमेंट धुऊन निघालं की आतलं पाणी बाहेर उडतं आणि बाहेरचं जे काही लावाल ते थेट आत, मज्जातंतूंच्या टोकांपर्यंत पोचतं. मग निरुपद्रवी गोष्टसुद्धा झोंबते. लोकांना वाटतं क्रीम वाईट आहे, क्रीम बिचारं ठीक असतं, भिंतीला भोकं पडलेली असतात.

भोकं कशी पडली ते तिच्या यादीत दिसत होतं. मी नेहमीप्रमाणे विचारलं, चेहऱ्याला काय काय लावता, आणि तिने फोनमध्ये लिहून आणलेली यादी वाचली. खूप फेस येणारा फेसवॉश दिवसातून चार वेळा, अल्कोहोलवालं टोनर, सकाळी व्हिटॅमिन सी सिरम, आठवड्यातून दोनदा स्किनचा वरचा थर सोलणारं ग्लायकोलिक ॲसिड, दिवसाआड रात्री रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चा प्रकार), रविवारी दाणेदार स्क्रब, वासाचं डे क्रीम, सनस्क्रीन, आणि नववी एक घरात पडून असलेली ट्यूब. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. गाल लाल झाले तेव्हा तिने ती पाच दिवस लावली, दोन दिवसांत एकदम मस्त वाटलं, बंद केल्यावर दुप्पट लाल झाले, म्हणून परत पाच दिवस.

हे सगळं तिने एका दिवसात सुरू केलेलं नव्हतं हं. डाग दिसला म्हणून सिरम, कोंडा दिसला म्हणून स्क्रब, स्क्रबने लाल झालं म्हणून शांत करणारं टोनर, त्यातलं अल्कोहोल झोंबलं तर "झोंबतंय म्हणजे काम करतंय" असं कुणीतरी सांगितलेलं. प्रत्येक पायरीला तिच्याकडे कारण होतं आणि ते कारण तेव्हा बरोबरच वाटत होतं. सुटलेला कोंडा हा भिंत ढासळल्याचा पुरावा होता आणि ती तो मळ समजून घासून काढत होती.

समोर कोणते पर्याय होते

मॅडम आणि मी दुपारी यावर बराच वेळ बोललो. एक म्हणजे सौम्य स्टिरॉइड थोडे दिवस, लाली लगेच उतरेल. पण चेहऱ्यावर आधीच दोनदा स्टिरॉइड लागून उलटलं होतं, आणखी दिलं तर चेहरा त्याच्यावरच टेकून उभा राहायचा धोका, आणि आराम पडला की ती बाकीच्या आठ गोष्टी परत सुरू करणार हे मला तिच्याशी बोलून दिसत होतं. दुसरं म्हणजे आहे ते चालू ठेवून वरून एखादं भारी बॅरियर क्रीम, म्हणजे ती भिंत सांधणारं. मीनलला हेच हवं होतं, तिचं म्हणणं होतं की एवढ्या महिन्यांची मेहनत आहे, बंद केलं तर डाग परत येतील. मला तिची धडपड कळत होती पण गळक्या टाकीत पाणी ओतत बसण्यासारखं ते झालं असतं.

तिसरा पर्याय सगळं बंद करायचा. चौथा, सरळ पॅच टेस्ट करून ॲलर्जी आहे का बघायचं.

पॅच टेस्ट तेव्हा पुढे ढकलली आणि त्याची कारणं सांगते. त्यात पाठीवर छोट्या चकत्यांमध्ये वेगवेगळे पदार्थ ४८ तास चिकटवून ठेवतात, पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काही करायचं नाही, निदान तीनदा क्लिनिकला यावं लागतं, आणि अंगावरची स्किन खवळलेली असताना केली तर निकाल फसवा येऊ शकतो. शिवाय समोर एवढी ढळढळीत कारणं होती की ॲलर्जी शोधायची गरज वाटेना. ॲलर्जी आणि नुसती जळजळ यात फरक असा की जळजळ कुणालाही होऊ शकते, प्रमाण वाढलं की होते. ॲलर्जीत शरीराने तो एक पदार्थ शत्रू म्हणून लक्षात ठेवलेला असतो, मग थेंबभरही पुरतो. हिच्या गालांचं गणित जळजळीने पूर्ण सुटत होतं. पापण्यांचं सुटत नव्हतं. पण पापण्यांकडे आम्ही गालांचंच शेपूट म्हणून बघितलं. पहिला चुकलेला निर्णय मी इथे मोजते.

काय केलं

नऊच्या नऊ गोष्टी बंद. सकाळी फेसवॉश नाहीच, कोमट पाण्याचे नुसते हबके. संध्याकाळी साबण नसलेलं, फेस न येणारं, बिनवासाचं क्लीन्झर, तेही बोटांनी, जाळी किंवा स्पंज काही नाही. अंगालाही साबण बंद, कारण खऱ्या साबणाचा पीएच (आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) ९ ते १० असतो आणि स्किनचा साधारण ५ च्या आसपास. पीएच वर गेला की सिरॅमाइड बनवणारी एन्झाइम्स मंदावतात आणि पेशींचे सांधे तोडणारी जास्त जोरात चालतात, म्हणजे बांधकाम बंद आणि पाडकाम चालू. आंघोळ पाच ते सात मिनिटं, पाणी कोमट. गरम पाणी सोडणं तिला सगळ्यात जड गेलं, बाळ झोपल्यावरची वीस मिनिटांची गरम आंघोळ हाच तिचा दिवसातला एकटीचा वेळ होता. मी तिला म्हटलं, वेळ तोच ठेवा, पाणी बदला, उरलेली दहा मिनिटं शांतपणे क्रीम लावण्यात घालवा.

आंघोळीनंतर टॉवेलने टिपायचं, पुसायचं नाही, आणि तीन मिनिटांच्या आत ओलसर अंगावरच क्रीम. क्रीम बिनवासाचं, ग्लिसरीन आणि सिरॅमाइडवालं. रात्री त्यावर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात, गालांवर आणि हनुवटीवर. ग्लिसरीन पाणी ओढून धरतं, जेली ते उडू देत नाही, दोघांची कामं वेगळी, म्हणून नुसत्या जेलीने कोरड्या गालावर फारसं होत नाही, आधी ओलावा पाहिजे. ती जेलीला घाबरत होती, पिंपल्स येतील म्हणून. शुद्ध पेट्रोलियम जेली स्वतःहून छिद्रं बुजवत नाही, तरी मी फक्त गालांपुरतंच सांगितलं, कपाळाला नको.

सनस्क्रीन दोन आठवडे बंद, त्याऐवजी टोपी आणि सावली, नंतर झिंक ऑक्साइडवालं. आणि एक वही. रोज रात्री दोन ओळी, चरचर ० ते १० मध्ये किती, ओढल्यासारखं किती. मॅडमनी सांगितलं की गालांचा आणि पापण्यांचा आकडा वेगळा लिहा. हे त्यांनी जाता जाता सांगितलं होतं आणि पुढे सगळं त्यावरच फिरलं.

पहिले चार दिवस वाईट गेले. आधीच्या सवयीने चेहरा अस्वच्छ वाटायचा, हात सारखा फेसवॉशकडे जायचा. पाचव्या दिवशी फोन, "ताई, आज पाणी मारलं आणि काहीच झालं नाही." दहाव्या दिवशी गालांचा आकडा ८ वरून ३ वर. मी खूश, ती खूश.

सोळाव्या दिवशी परत फोन. गाल छान आहेत पण पापण्या सुजल्यात, सकाळी डोळे उघडायला जड जातात, खाज तर विचारू नका. वहीतला पापण्यांचा आकडा ४ वरून ७ वर चढला होता. म्हणजे एकाच चेहऱ्यावर एकाच वेळी गालांची रेघ खाली आणि पापण्यांची वर. इथे मी थांबून विचार करायला हवा होता. जे उपाय गालांना मानवले ते पापण्यांना का मानवत नाहीत? पापणीची स्किन अंगावरची सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर, तिथे बाकी चेहऱ्याला चालणारी गोष्ट त्रास देऊ शकते हे खरं, त्यामुळे मी लगेच नवीन क्रीमवर बोट ठेवलं. मॅडम त्या आठवड्यात नव्हत्या, मी फोनवर विचारून क्रीम बदलायला सांगितलं. नवीन क्रीमला दहा दिवस दिले. पापण्या ७ च्या ८ झाल्या, आणि गालांना ते दुसरं क्रीम जरा हलकं पडलं म्हणून तेही ३ वरून ४ वर आले. दहा दिवस फुकट गेले, शिवाय आता कशाने काय झालं हेही कळेना.

मॅडम आल्यावर त्यांनी नखं बघितली, नेलपॉलिश आहे का. पापण्यांच्या ॲलर्जीत हा जुना संशयित, बोटांना काही होत नाही पण बोट डोळ्याला लागलं की तिथे उमटतं. नखं साधी होती. शाम्पूचा विचार झाला, तोही धुताना डोक्याला काही न करता पापण्यांवर, कानापुढे आणि मानेच्या बाजूंना त्रास देऊ शकतो. पण मान स्वच्छ होती. मग त्या मला म्हणाल्या, "तू यादी घेतलीस. आता तिचा दिवस घे."

मीनलला बोलावलं, समोर बसवलं आणि सांगितलं की काय लावता ते सांगू नका, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय करता ते नुसतं सांगत जा, मी मध्ये बोलणार नाही. ती सांगत गेली. उठते, बाळाचं आवरते, हबके मारते, क्रीम, ऑफिस. दुपारी चारच्या सुमाराला चेहरा तेलकट वाटतो, आणि हे सांगताना तिचा उजवा हात आपोआप पर्सकडे गेला, पर्सच्या बाहेरच्या कप्प्यातून एक पाकीट निघालं, झाकण उघडून तिने एक ओला वाइप ओढला, आधी दोन्ही हात पुसले, मग त्याची घडी घालून कोपऱ्याने डोळ्यांच्या खालून आणि वरून हलकेच पुसलं. बोलणं चालूच होतं.

मी विचारलं, हे दिवसातून किती वेळा.

"हे? हे नुसतं पाण्याचंच आहे ना ताई. बाळाचेच आहेत. पूर्वी एखाद-दोनदा असायचं, आता तुम्ही फेसवॉश बंद केलात ना, म्हणून चार-पाच वेळा होतं."

मला अक्षरशः पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. आम्ही एक दार बंद केलं होतं आणि ती नाइलाजाने दुसऱ्यातून जास्त ये-जा करत होती. तिने काही लपवलं नव्हतं. मी "लावता काय" विचारलं होतं आणि वाइप कुणी लावत नाही, पुसतं.

पाकिटावर समोर मोठ्या अक्षरात सौम्य, संवेदनशील त्वचेसाठी वगैरे. घटकांची यादी मागच्या बाजूला, पाकीट चिकटवलेल्या शिवणीखाली अर्धी दडलेली, खिडकीपाशी नेऊन प्लॅस्टिक ताणून वाचली तेव्हा शेवटून दुसरं नाव मिथाइलआयसोथायझोलिनोन. हे प्रिझर्व्हेटिव्ह आहे, पाणी असलेल्या गोष्टीत बुरशी आणि जंतू वाढू नयेत म्हणून घालतात. २०१३ मध्ये अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मॅटायटिस सोसायटीने याला त्या वर्षीचा ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारा पदार्थ, म्हणून जाहीर केलं होतं, कारण ॲलर्जीच्या केसेस झपाट्याने वाढल्या होत्या. युरोपियन युनियनने २०१७ पासून लावून ठेवायच्या कॉस्मेटिक्समध्ये, वाइप्स त्यात आलेच, ते घालायला बंदी केली आणि २०१८ पासून धुऊन टाकायच्या वस्तूंमध्ये मर्यादा १५ पीपीएमवर (दहा लाख भागांत १५) आणली. पण सगळीकडे नियम सारखे नाहीत आणि जुना मालही असतो, त्यामुळे पाकीट उलटून वाचण्याला पर्याय नाही.

त्याच दिवशी वाइप्स बंद. पापण्यांना मॅडमनी अगदी सौम्य स्टिरॉइड पाच दिवस आणि मग टॅक्रोलिमसचं (स्टिरॉइड नसलेलं, सूज उतरवणारं औषध) ऑइंटमेंट लिहून दिलं, ते लावल्यावर पहिले काही दिवस गरम झोंबल्यासारखं होतं हे आधीच सांगितलं, नाहीतर तिने तेही ॲलर्जी समजून टाकून दिलं असतं. क्रीम परत पहिलंच, त्याचा काही दोष नव्हता.

पुसणं बंद केलं तर चारच्या तेलकटपणाचं काय, हे यावेळी विसरले नाही. साधा पांढरा सुती रुमाल पाण्याने ओला करून पिळून घ्यायचा आणि टेकवायचा. काहीतरी बंद करायला सांगताना त्या जागी काय येणार हे विचारायला मी यानंतर लागले.

पॅच टेस्ट पापण्या शांत झाल्यावर, चार आठवड्यांनी केली. ४८ तासांनी चकत्या काढल्या तेव्हा मिथाइलआयसोथायझोलिनोनच्या जागी पुसटशी लाली, मी तर म्हटलं असतं काही नाही. ९६ तासांनी परत बघितलं तर तिथे उंचवटा, गडद लाल, वर बारीक पाणीदार पुटकुळ्या. दुसऱ्यांदा यायचा कंटाळा करणारे बरेच असतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितेय. आणि सुगंधी द्रव्यांच्या जागा सगळ्या स्वच्छ. म्हणजे तिला वासाची ॲलर्जी नव्हतीच. वासाच्या क्रीमने गाल झोंबायचे ते भिंत ढासळल्यामुळे.

काय झालं पुढे

वाइप्स सोडल्यावर सूज आठवड्यात गेली, खाज आणि सुरकुतलेपणा जायला तीन आठवडे लागले. ॲलर्जीत एवढा वेळ लागतोच, पदार्थ थांबला तरी शरीराचा राग लगेच उतरत नाही. तीन महिन्यांनी गाल १ वर, पापण्या ०. झिंकवालं सनस्क्रीन झोंबत नव्हतं. नडग्यांवरची नक्षी तशीच आहे, हवा कोरडी झाली की हात उलतात, तेव्हा दिवसातून तीन-चार वेळा क्रीम लागतंच. ही तिची स्किन आहे आणि तिला ते आता मान्य आहे, पहिल्या दिवशीचं "नॉर्मल करून द्या" ती परत म्हणाली नाही.

बाळाचा प्रश्न निघाला. तेच वाइप्स बाळाला वापरत होते, बाळाला काही त्रास नव्हता. तरी मॅडमनी बदलायला सांगितलं कारण ही ॲलर्जी वापरत वापरत तयार होते, जन्मतः नसते, आणि मीनलच्या हाताला तर ते प्रत्येक लंगोट बदलताना लागतच होतं.

मध्ये एकदा परत उसळलं. पाचव्या महिन्यात, ऑफिसमध्ये सुट्टीच्या दिवशी रंगकाम झालेलं, सोमवारी जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत पापण्या लाल. या वेळी तिने स्वतःच फोन करून विचारलं की रंगात असतं का हे. असतं. पाण्यावर आधारित भिंतीच्या रंगात हे आणि याचे भाऊबंद प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून घालतात आणि रंग वाळल्यावरही कित्येक दिवस, कधी आठवडे, हवेत येत राहतात, ज्याला ॲलर्जी आहे त्याला न शिवताही पुरतं. ती दोन आठवडे दुसऱ्या मजल्यावर बसली, चार-पाच दिवसांत उतरलं. भांड्यांचं लिक्विड, हँडवॉश, कपड्यांचं लिक्विड हे सगळं तिने घरी एका रविवारी ओट्यावर मांडून वाचून काढलं, त्यातल्या दोन बाटल्यांवर तेच नाव होतं.

आज परत अशी केस आली तर

सगळ्यात आधी दिवस विचारेन, मग यादी. आणि विचारताना हातांकडे बघेन. पुसणं, धुणं, दुसऱ्याला लावताना स्वतःच्या हाताला लागणं, नवऱ्याचं आफ्टरशेव्ह, उशीच्या अभ्र्याचं सॉफ्टनर, यातलं काहीच माणूस "मी लावते" म्हणून सांगत नाही.

पापण्यांना वेगळं प्रकरण मानेन. गाल जळजळीने लाल होते, पापण्या ॲलर्जीने, दोन आजार एका चेहऱ्यावर शेजारी शेजारी होते आणि आम्ही एकाच उत्तरात दोन्ही बसवायला बघितलं. वहीत आकडे वेगळे लिहिले नसते तर मला वाटतं आम्ही सरासरी काढून "बरं चाललंय" म्हणत बसलो असतो.

सोळाव्या दिवशी क्रीम बदलणं हा निर्णय मी बदलेन. तेव्हा प्रश्न असा विचारायचा होता की या सोळा दिवसांत काय नवीन आलं आणि काय *वाढलं*. क्रीम नवीन होतं म्हणून डोळ्यात भरलं, वाइप्स जुनेच होते, फक्त वाढले होते, म्हणून दिसलेच नाहीत. शिवाय पापण्यांना क्रीम न लावता चार दिवस बघितलं असतं तरी उत्तर मिळालं असतं, सगळ्या चेहऱ्याचं क्रीम बदलायची काही गरज नव्हती.

सगळं एकदम बंद करण्याबद्दल मात्र माझं मत तेच आहे. एकेक करून काढत बसलो असतो तर नऊ गोष्टींना चार-पाच महिने गेले असते आणि तेवढ्यात ती कंटाळून परत त्या ट्यूबकडे गेली असती. परत आणताना मात्र एकेकच. नवीन काही घ्यायचं तर कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, निदान सात दिवस, जमलं तर दोन आठवडे, मगच चेहऱ्याला. रात्रभर लावून सकाळी बघायचं हे ॲलर्जीसाठी पुरत नाही, ती उमटायला दिवस लागतात. ॲसिड किंवा धुऊन टाकायची गोष्ट मात्र अशी तपासायची नाही, ती तशीच ठेवली तर कुणाचीही स्किन जळेल.

पॅच टेस्ट आधी करायला हवी होती का, यावर मॅडमचं आणि माझं अजून एकमत नाही. त्या म्हणतात पापण्या लाल दिसल्या त्या दिवशीच तारीख ठरवून ठेवायला हवी होती, गाल शांत होईपर्यंत वाट बघायची पण तारीख हातात हवी. माझं म्हणणं आहे की दिवस नीट विचारला असता तर टेस्टच्या आधीच कळलं असतं. पण टेस्ट झाली नसती तर रंगाच्या वेळी तिला कशाने झालं हे समजलं नसतं, एवढं मी मान्य करते.

रेटिनॉलची बाटली तिने टाकली नाहीये. डाग थोडे परत आलेत आणि तिला ते बोचतं, हे ती मोकळेपणाने सांगते. मॅडमनी सांगितलंय की एक पूर्ण कोरडा मोसम गालांचा आकडा २ च्या वर न जाता पार पडला तर आठवड्यातून एकदा, क्रीमच्या दोन थरांमध्ये, मटारच्या दाण्याएवढं सुरू करू. ती बाटली उघडून बरेच महिने झालेत, तेव्हा नवीनच घ्यावी लागेल, आणि घेताना पाकीट उलटून वाचायचं हे मला तिला सांगावं लागलं नाही. वही चालू आहे.